बोटीवरच्या वाय-फायचं 'सिक्युरिटी रिन्यूअल'

रामटेककडच्या एका तलावावर आमची वीस सीटची बोट आहे. मी राहतो नागपुरात, बोट नावाडी सांभाळतो. पाण्याच्या मध्यावर रेंज जाते, गिऱ्हाइकांचं यूपीआय अडकतं. शिवाय मला घरबसल्या बोटीवरचा कॅमेरा बघायचा होता. म्हणून बर्डीतल्या एका दुकानदाराला गाठलं.

"भाऊ, पाण्यावरचं नेट वेगळं असते. साधं राउटर महिनाभर नाही टिकत, मरीनच लागते," तो म्हणाला. मरीन, म्हणजे समुद्रावरचं! नागपुरात बसून मी मान डोलावली.

३१,००० रुपये मोजले. सिमवर चालणारं राउटर, टपावर उंच पांढरा अँटेना, इन्व्हर्टर. नेट चाललं, खोटं कशाला बोलू.

मार्चमधल्या एका रविवारी वाय-फाय पासवर्डच घेईना. फोन केला. "सिक्युरिटीचं लायसन संपलं ना भाऊ. रिन्यूअल ३,५००." काठावर रांग लागलेली, लगेच पैसे टाकले. दहा मिनिटांत नेट सुरू. गडी दुकानातून हललासुद्धा नाही, आणि मला त्याचंच कौतुक! पुढच्या मार्चात पुन्हा तेच.

दिवाळीत भाची आली, पॉलिटेक्निकला आहे. तिला सहज सांगितलं, तर म्हणाली, "मामा, डब्ल्यूपीए२ला कसलं आलं रिन्यूअल?" वाय-फायचं हे कुलूप २००४ पासून आहे, ते राउटरमध्येच असतं, त्याला वार्षिक फी नसते. पैसे लागतात ते सिमच्या रिचार्जला, आणि तो तर मीच करत होतो.

तिने 'मरीन' स्टिकर नखाने सोलला. खाली घरगुती राउटरचं लेबल. अँटेनाची टोपी काढली, तर केबल आत वीतभर जाऊन डिंकात रुतवलेली, कशालाच जोडलेली नाही. इन्व्हर्टरची तर गंमतच: बॅटरी १२ व्होल्टची, राउटरही १२ व्होल्टचं, मध्ये २३० करून परत १२ करायचे. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ च्या वर जातं, म्हणून थेट जोडता आलं नसतं, पण ते १२ वर ठेवणारा एक छोटा डीसी कन्व्हर्टर पुरला असता. या उलटसुलटीत वीज वाया जायची. बॅटरी लवकर उतरते म्हणून मी उगाच नावाड्यावर ओरडत होतो.

पण खरी चोरी वेगळीच. राउटर कंपनीच्या ॲपवर त्याच्या ईमेलने नोंदवलेलं होतं. तो दुकानात बसून पासवर्ड बदलायचा, पैसे आले की पूर्ववत करायचा. शिवाय गिऱ्हाइकांचे मोबाइल आणि कॅमेरा एकाच नेटवर्कवर, म्हणजे वाय-फायचा पासवर्ड असलेल्या कोणालाही कॅमेऱ्यापर्यंतची वाट मोकळी.

भाचीने रीसेटच्या भोकात टाचणी दाबून धरली. ॲप माझ्या ईमेलवर घेतलं, ॲडमिन पासवर्ड नवा टाकला, डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय, बंद केली, गिऱ्हाइकांना वेगळं गेस्ट नेटवर्क दिलं. राउटर झाकणाच्या डब्यात ठेवलं. तुमच्याकडे कोणी बसवून दिलं असेल, तर ॲपमध्ये कोणाचा ईमेल आहे ते आजच बघा.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. दुकानदार म्हणतो, मी सर्व्हिस दिली.

यंदा मार्चात त्याचा मेसेज आला: "भाऊ, रिन्यूअल ड्यू आहे." मी तो बोटीवरूनच वाचला, वाय-फायवर.