दुपट्याचे १४४ दुरंगी चौकोन: दोन-दोन, चार-चार की आठ-आठ?

बाळासाठी ३६ बाय ३६ इंचांचं दुपटं शिवायचं आणि ते सगळं ३ इंची दुरंगी चौकोनांचं, म्हणजे बारा ओळींत बारा, एकूण १४४. अर्धा भाग गडद, अर्धा फिका, मधे तिरकी शिलाई. क्विल्टिंगमध्ये याला हाफ स्क्वेअर ट्रँगल म्हणतात. सुटे त्रिकोण कापून जोडायचा विचार सोडून द्या. त्रिकोणाची लांब बाजू उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, येते, हात लागला की ताणली जाते, आणि १४४ वेळा तसं झालं तर दुपटं कुठल्याच बाजूने सरळ राहत नाही. म्हणूनच बाकीच्या पद्धतींत आधी टीप मारतात, मग कापतात. चौकोनांच्या एका जोडीतून किती दुरंगी तुकडे निघतात, त्यावरून त्यांना दोन-दोन, चार-चार, आठ-आठ म्हणू.

सुरुवात कापडापासून करू, कारण पहिली शंका तिथेच येते. नागपूरच्या गांधीबागेत ४४ इंच पन्ह्याचं सुती कापड घेतलं, काठ सोडले की ४२ इंच हाती येतात. प्रत्येक रंगाचं किती लागेल? दोन-दोनच्या पद्धतीत ४ इंची ७२ चौकोन: ओळीत दहा, आठ पट्ट्या, ३२ इंच. आठ-आठच्या पद्धतीत ८ इंची १८ चौकोन: ओळीत पाच, चार पट्ट्या, पुन्हा ३२ इंच. चार-चारला पावणेसहा इंची ३६ चौकोन: ओळीत सात, सहा पट्ट्या, साडेचौतीस इंच. कोणतीही पद्धत घ्या, दोन रंगांचं एक-एक मीटर पुरतं. त्यामुळे कापडाची बचत बघून पद्धत निवडू नका. वेळ, हातातली अवजारं आणि कापडाचा पोत बघा.

दोन-दोन ही माझी रोजची पद्धत. दोन रंगांचे चौकोन एकमेकांवर सुलट बाजू आत करून ठेवायचे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारायची आणि रेघेवर कापायचं. पुस्तकी माप म्हणजे तयार माप अधिक सात सूत. आपले शिंपी इंचाचे आठ सूत मोजतात, त्यामुळे हे माप आपल्याला परकं नाही. पण मी सात सुतांऐवजी पूर्ण इंच घेते. शिवल्यावर तुकडा एक सूत मोठा येतो, तो छाटून साडेतीन इंच करायचा (तयार ३ इंच आणि दोन्ही बाजूंचा शिलाईचा पाव-पाव इंच). या एका सुताने या दुपट्याला इंचभर कापड जास्त लागतं आणि त्या बदल्यात प्रत्येक कोपरा नेमका जुळतो. आईच्या जुन्या सुती साड्या किंवा डब्यात साठलेले तुकडे वापरणार असाल तर हीच पद्धत, कारण प्रत्येक जोडी वेगळी निवडता येते.

आठ-आठ म्हणजे तेच काम मोठ्या चौकोनावर. दोन्ही तिरक्या रेघा, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना टीप, मग मधून उभं, मधून आडवं आणि दोन्ही रेघांवर कापायचं. ७२ रेघांच्या जागी ३६ रेघा होतात, मशीन कमी वेळा थांबतं. नव्या कापडाचे एकाच जोडीचे खूप तुकडे हवे असतील तर ही पद्धत खरोखर सुखाची आहे. मात्र कापताना कापड जागचं हलता कामा नये. कैचीने ते जमवणं अवघड, इथे फिरत्या गोल पात्याचा रोटरी कटर हवाच. आणि मधला एक काप चुकला तर आठही तुकडे बिघडतात.

चार-चारबद्दल माझं मत कडक आहे. चौकोनाच्या चारही कडांना टीप मारून दोन तिरके काप द्यायचे, रेघ मारायची गरज नाही, म्हणून ती सोपी वाटते. पण तयार तुकड्याच्या चारही बाहेरच्या कडा उरेब होतात. भाचीच्या दुपट्याला मी पातळ कापडावर हीच पद्धत वापरली आणि ओळी जोडता जोडता मधला भाग फुग्यासारखा उठला. उसवून पुन्हा शिवताना तो आणखी ताणला. करायचंच असेल तर कापण्याआधी कापडाला तांदळाची दाट कांजी द्या आणि इस्त्री सरकवू नका, उचलून दाबा.

एक इंचाचे बारीक तुकडे हवे असतील तर कागदावर आखलेली जाळी कापडावर टाचून शिवणं सगळ्यात अचूक. टाका बारीक ठेवा, म्हणजे कागद सहज फाटतो. ३ इंचांसाठी एवढा खटाटोप नको.

अवजारांत पहिला पैसा ४५ अंशांची रेघ असलेल्या चौकोनी पट्टीवर घाला. खाचेची खास पट्टी येते, ती शिलाईच्या उंचवट्यावर अडकते आणि घसरत नाही. दोन-तीन मोठी दुपटी करायची असतील तरच ती घ्या. एका दुपट्यासाठी साधी पट्टी भरपूर. तुकडा उघडण्याआधीच पट्टीची तिरकी रेघ शिलाईवर ठेवून छाटलं तर चारऐवजी दोनच काप लागतात.

मशीनच्या फूटची (सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या भागाची) कड म्हणजे पाव इंच असं धरून चालू नका. पायाच्या मशीनवर मी सुईपासून पाव इंच मोजून प्लेटवर चिकटपट्टी लावली आहे.

मे महिन्यात शिवणार असाल तर कटिंग मॅट खिडकीच्या उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. नागपूरच्या उन्हात ती वाकते आणि मग तिच्यावर सरळ काप येत नाही. कापलेले तुकडे कूलरच्या वाऱ्याने उडतात, त्यांच्यावर स्टीलचं ताट पालथं घाला. आणि १४४ कापण्याआधी एकच जोडी शिवून, इस्त्री करून मोजा.