सिगविन घ्यावं की एमसिस२?

लिनक्सवर सुखाने चालणाऱ्या बॅश स्क्रिप्ट (कमांडच्या फाइली) विंडोजवर आणायच्या म्हटलं की शेवटी निवड या दोघांतच होते; दोन्ही लिनक्सची टूल्स विंडोजवर चालवू देणारी सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्टचं डब्ल्यूएसएल आहे, पण ते म्हणजे विंडोजच्या पोटात बसवलेलं लिनक्सच. माझं काम यूएसबीला लावलेल्या अँड्रॉइड फोनांमधून लॉग उतरवायचं, आणि त्याच्या दुसऱ्या आवृत्तीला, डब्ल्यूएसएल२ ला, असा फोन थेट दिसत नाही. त्यामुळे ते बाद.

दोघांचं घराणं एकच. सिगविन १९९५ पासूनचं, एमसिस२ त्याचीच फांदी. म्हणून ‘एमसिस२ जास्त वेगवान’ हे ऐकून भुलू नका. विंडोजकडे फोर्क (चालू प्रोग्रॅमची प्रत काढून नवा सुरू करायची लिनक्सची सोय) नाही, दोघंही त्याची नक्कल करतात, आणि ती नक्कल संथ असते. हजार वेळा ग्रेप (मजकूर शोधणारं टूल) बोलावणारा लूप दोन्हीकडे सारखाच रखडतो, निदान माझ्या लॅपटॉपवर तरी. एमसिस२ मधून खास विंडोजसाठी बांधलेली टूल्स चपळ असतात, पण ती गोष्ट वेगळी.

पॅकेजांच्या बाबतीत मात्र एमसिस२ ला पैकीच्या पैकी. पॅकमन या त्याच्या पॅकेज बसवणाऱ्या टूलची एक ओळ टाकली की झालं. सिगविनमध्ये एखादं टूल राहून गेलं तर परत सेटअप उघडा, मिरर (डाउनलोडचा सर्व्हर) निवडा, यादीत शोधा, नेक्स्ट, नेक्स्ट.

एवढं असूनही मी सिगविनवर थांबलो, ते पाथमुळे, म्हणजे फाइलच्या पत्त्यामुळे.

एमसिस२ मधून विंडोजचा एखादा प्रोग्रॅम चालवला की स्लॅशने सुरू होणारा शब्द ते परस्पर विंडोजच्या पाथमध्ये बदलून देतं. हेतू चांगला आहे. पण मी एडीबीला (कॉम्प्युटरवरून अँड्रॉइड फोनशी बोलणारं टूल) फोनवरच्या ‘/एसडीकार्ड’ फोल्डरची यादी मागितली, तर फोन म्हणतो, ‘सी:/एमसिस६४/एसडीकार्ड’ असं काही नाही! बिचाऱ्या फोनला सी ड्राइव्ह कुठून माहीत असणार? अर्धा दिवस मी केबल बदलत बसलो होतो.

उपाय आहेत. सुरुवातीला दोन स्लॅश द्या, किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या सेटिंगमध्ये) ‘हे बदलू नकोस’ अशी यादी द्या. पण फाइल उतरवताना एकाच ओळीत एक पाथ फोनचा असतो, दुसरा माझ्या डी ड्राइव्हचा; पहिला जसाच्या तसा जायला हवा, दुसरा बदलायला हवा. आज ‘/एसडीकार्ड’ यादीत घातलं, उद्या ‘/डेटा’ राहतं.

सिगविन असल्या भानगडीत पडत नाही. दिलं तसं पुढे पाठवतं. डी ड्राइव्हचा पाथ हवा तिथे सिगपाथ (पाथ बदलून देणारी कमांड) मलाच लिहावं लागतं, म्हणजे टायपिंग वाढतं, पण काय बदललं ते स्क्रिप्ट वाचताना डोळ्यांना दिसतं. माझ्यासारख्या विसरभोळ्याला हे बरं पडतं.

तुम्हाला सी मध्ये लिहिलेलं टूल बांधून दुसऱ्याला द्यायचं असेल तर कदाचित माझं ऐकू नये. सिगविनमध्ये बांधलेल्या एक्झीसोबत (चालवायच्या फाइलसोबत) सिगविनची डीएलएल, म्हणजे लायब्ररी फाइलही द्यावी लागते. एमसिस२ च्या यूसीआरटी६४ या विंडोजसाठी टूल्स बांधायच्या भागात बांधलेली एक्झी तिच्याशिवाय चालते. त्या कामापुरतं एमसिस२ माझ्याकडेही आहे.

सिगविन घेतलंत तर सेटअपच्या यादीत डॉस२युनिक्सवर (ओळींचे शेवट लिनक्सच्या पद्धतीचे करणारं टूल) पहिल्याच फेरीत टिक करा. विंडोजच्या एडिटरमध्ये सेव्ह झालेली स्क्रिप्ट त्या एडिटरने ओळीच्या शेवटी घातलेल्या अदृश्य ‘\आर’वर अडून बसते, आणि तेवढ्यासाठी परत ते नेक्स्ट, नेक्स्ट.