अ‍ॅडव्होकसीचा तयार अध्यापन-संच: मसुदा शिकवतो, कोणतं दार ठोठवायचं ते दाखवत नाही

डेंटल हायजीनच्या (दातांची स्वच्छता आणि दंतरोगांचा प्रतिबंध) शेवटच्या वर्षाला आरोग्य धोरणाची अ‍ॅडव्होकसी, म्हणजे धोरण बदलण्यासाठी निर्णय घेणाऱ्यांकडे मागणी मांडणं, शिकवण्यासाठी केलेला हा सहा आठवड्यांचा ऑनलाइन संच घ्यायला हरकत नाही. फक्त दुसरा आठवडा शिक्षकाने स्वतः रचावा.

पहिल्या आठवड्यात पार्श्वभूमी आहे: जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा मौखिक आरोग्य ठराव, २०२३–२०३० चा कृती आराखडा, तोंडाच्या आजारांनी बाधित जगभरातले सुमारे ३.५ अब्ज लोक. नेटकं काम, एका तासात उरकतं.

घोळ दुसऱ्या आठवड्यात आहे. गृहपाठ एवढाच, की ‘आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहा’. हायजिनिस्टवर (दात स्वच्छ करणारा, दंतरोग टाळण्याचं काम करणारा प्रशिक्षित कर्मचारी) दंतवैद्याची देखरेख किती असावी, हे कुठे कायद्यातच लिहिलेलं असतं, तर कुठे परवाना देणाऱ्या मंडळाच्या नियमांत. गोष्ट नियमातली असेल तर पत्र चुकीच्या टेबलावर जातं. तिथे नियमाच्या मसुद्यावर हरकती-सूचनांच्या मुदतीत लेखी म्हणणं द्यावं लागतं. पैशाची मागणी असेल तर ती अंदाजपत्रक ठरण्याआधी पोचायला हवी. म्हणून पत्राआधी तीन रकाने भरून घ्यावेत: मागणी काय, ती कुठे अडली आहे, सही कोणाची लागते. तिसरा रकाना रिकामा राहिला तर पत्र लिहूच देऊ नये.

एकपानी टिपणाचा भाग मात्र अव्वल. नमुन्यात विद्यार्थ्याचं वाक्य आहे, ‘शालेय मुलांच्या दातांकडे शासनाने लक्ष द्यावे.’ समासात शेरा: ‘कोणी? काय? कधीपासून?’ दुरुस्त मसुदा असा: ‘शाळेतल्या तपासणीत दंतवैद्य हजर नसतानाही हायजिनिस्टला ५ टक्के सोडियम फ्लोराइड वार्निश वर्षातून दोनदा लावण्याची मुभा पुढील शैक्षणिक वर्षापासून नियमात द्यावी.’ (वार्निश म्हणजे कीड टाळण्यासाठी दातांवर लावायचा लेप.) याला अधिकाऱ्याला हो किंवा नाही म्हणता येतं.

दोन मिनिटांच्या भेटीच्या सरावात संचातला ‘अधिकारी’ फारच सोज्वळ आहे. त्याच्या तोंडी तीन प्रश्न घालाच: खर्च कोण करणार, दंतवैद्यांचा विरोध आहे त्याचं काय, आणि हे तुमच्या नोकऱ्यांसाठीच ना? तिसऱ्याला मुलं हमखास अडखळतात. आपलं हित आहे हे आधीच कबूल करावं आणि लगेच उपचार न मिळणाऱ्या रुग्णाकडे वळावं. लपवलेलं हित नंतर उघड झालं की सगळंच म्हणणं संशयास्पद ठरतं.

गुणपद्धत आम्हाला पटली नाही. प्रतिनिधीचं उत्तर आलं तर जादा गुण! उत्तर येणं विद्यार्थ्याच्या हातात नसतं, शिवाय त्या लोभाने मुलं गुळगुळीत विषय निवडतात. ते गुण रकान्यांना आणि दुसऱ्या मसुद्याला द्यावेत.

रुग्णाचा दाखला देताना संमती घ्यावी, याला संचात जेमतेम एक ओळ आहे. नाव गाळलं तरी वय, शाळा आणि दुर्मीळ निदान एकत्र आलं की मूल ओळखू येतं, हे शिक्षकालाच सांगावं लागेल. पत्रावर संस्थेचं नाव वापरता येतं का, तेही आधी विचारून घ्यावं.

वेळ कमी असेल तर पाचव्या आठवड्यातलं सोशल मीडियाचं प्रकरण बिनधास्त गाळावं. तिथे पोस्टर कसं सजवायचं ते आहे, कोणाला पाठवायचं ते नाही.