सहा महिन्यांनंतर वेडर्स: डाव्या घोट्याचा जोड आणि तीर्थनचं चढलेलं पाणी

वेडर्स म्हणजे नदीत उभं राहून गळाने मासे पकडताना घालायचा, पाणी आत न येऊ देणारा पोशाख. माझे छातीपर्यंतचे, ब्रीदेबल (घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या) कापडाचे, खाली निओप्रीनचे (रबरी फेसाचे) मोजे. ही माहिती सगळीकडे आहे, म्हणून थेट डाव्या घोट्यावर येतो.

डिसेंबरात साडेबारा हजारांना घेतले. जानेवारीत पवनेच्या काठावर चार रविवार पाण्यात उभं राहून कास्टिंगचा, म्हणजे गळ फेकण्याचा, सराव केला. थेंबभर पाणी आत आलं नाही. मित्रांना म्हटलं, डोळे झाकून घ्या. ते शब्द मागे घेतो.

एप्रिलमध्ये दिल्लीहून रात्रीच्या बसने हिमाचलात ऑटला उतरून तीर्थन नदी गाठली. पहिल्याच सकाळी, गुडघाभर पाण्यात, पंधरा मिनिटांत डावा मोजा ओला. ते बर्फाचं पाणी. बोटं बधिर झाली की दगडावर पाऊल नीट बसलं की नाही ते समजत नाही. कमरेचा पट्टा मात्र उत्तम आहे, आणि तो आवळल्याशिवाय कुणीही नदीत उतरू नये. पडलात तर पाणी वेडर्सच्या पायांत पटकन भरत नाही.

पुण्यात आल्यावर वेडर्स गॅलरीतल्या दांडीला टांगले आणि डाव्या पायात बादलीभर पाणी ओतलं. दहा मिनिटांनी, मोजा कापडाला जोडलाय तिथे मोहरीएवढा थेंब आला. पुसला, पुन्हा आला. आतली टेप नखाएवढी सुटली होती. फोटो पाठवले, चार मेल केले. विक्रेत्याचं उत्तर: वापरामुळे झालेली झीज, वॉरंटी लागू नाही. आठ-दहा वेळा घातलेल्या वस्तूची कसली झीज? याचा राग अजून आहे. शेवटी सुटलेली टेप कापली, जागा स्पिरिटने पुसली, युरेथेनचा गोंद लावून रात्रभर वाळवला. सहाशे रुपयांत काम झालं.

मेअखेरीस पुन्हा गेलो, तेव्हा पाणी आणखी चढलेलं. दुपारच्या उन्हात बर्फ वितळतं आणि नदी दुधाळ होते; सकाळी दहाच्या आत ती त्यातल्या त्यात उतरलेली असते. तिथल्या वाटाड्याने मला खोल पाण्यात उतरूच दिलं नाही. मधल्या जोरदार धारेत ट्राउट मासळी टिकत नाही, ती काठाला, दगडांच्या आडोशाला येते. एप्रिलमध्ये मी नेमका तिथूनच पाय आपटत आत गेलो होतो! टंगस्टन मण्यांचे दोन जड निम्फ (पाण्यातल्या किड्यांसारखे दिसणारे नकली गळ) आणि नेहमीपेक्षा जाड, ३एक्स मापाचं टिपेट (दोरीच्या टोकाचा बारीक धागा) लावलं. काठापासून दोन हातांवर, एका खडकामागे, दोरी थबकली. ब्राउन ट्राउट, वीतभरापेक्षा थोडी मोठी, अंगावर लाल ठिपके. ओल्या हातांनीच सोडली.

म्हणून आता मत असं: चढलेल्या पाण्यासाठी एवढे महाग वेडर्स लागत नाहीत, गुडघ्यापर्यंतचे बूट पुरतात. तरीही घ्यायचे असतील तर पहिल्याच आठवड्यात पाणी भरून बघा, म्हणजे परत करता येतील.

डावा जोड मेच्या सहलीत कोरडा राहिला. उजव्यालाही मी आधीच गोंद लावून ठेवलाय.