साम्राज्याच्या सात कथा : मिखाईल झिगार यांचे ‘वॉर अँड पनिशमेंट’

रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा पत्रकार मिखाईल झिगार यांनी युद्धाविरुद्ध जाहीर पत्रक काढले आणि लवकरच देश सोडला. ‘दोझ्द’ या स्वतंत्र वृत्तवाहिनीचे ते माजी मुख्य संपादक. त्यांचे हे इंग्रजी पुस्तक २०२३ मध्ये आले. हे पुस्तक कबुलीजबाब आहे, असे ते आरंभीच सांगतात आणि संकटाची चिन्हे वेळीच न ओळखल्याचा दोष पहिल्यांदा स्वतःच्या पदरात घेतात. त्यामुळेच पुढे ते आपल्या देशाच्या इतिहासकारांना जाब विचारतात, तो अधिकाराने विचारलेला वाटतो.

पुस्तकाचा पूर्वार्ध फार मोलाचा आहे. रशियात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या सात कथा त्यात एकेक करून उसवल्या आहेत. पहिली कथा इनोकेंती गिझेल यांची. कोनिग्सबर्गला जन्मलेला हा माणूस कीव्हमधील प्रसिद्ध लाव्हरा मठाचा प्रमुख झाला. ऑर्थोडॉक्स धर्मीयांना मॉस्कोच्या झारचा आधार हवा होता, आणि त्या निकडीपोटी १६७४ च्या ‘सिनॉप्सिस’ या इतिहासग्रंथात रशियन व युक्रेनी लोकांचे मूळ एकच असल्याची मांडणी झाली. त्या घटकेची ती गरज होती. पण पुढे तेच लिखाण पाठ्यपुस्तकासारखे वाचले गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुतिन यांनी ‘ऐतिहासिक एकते’वर लिहिलेल्या दीर्घ लेखापर्यंत तो धागा सलग पोहोचला.

पुढे झारविरुद्ध उठलेला युक्रेनी सरदार माझेपा, क्रिमिया, युक्रेनमधला १९३२-३३ चा दुष्काळ, विसाव्या शतकातला युक्रेनी राष्ट्रवादी नेता बांदेरा असे विषय येतात. मी सर्वांत जास्त रेंगाळलो तो युक्रेनी कवी तारास शेवचेन्को यांच्यापाशी. भूदास म्हणून जन्मलेल्या या कवीची १८३८ मध्ये २,५०० रुबल मोजून सुटका झाली. १८४७ मध्ये त्यांना अटक करून साधा शिपाई म्हणून दूर पाठवले गेले, आणि शिक्षेच्या आदेशावर झार निकोलस पहिला याने लिहिण्यास व चित्रे काढण्यास मनाईचा शेरा स्वहस्ते मारला. तरीही शेवचेन्को हाताने शिवलेल्या इवल्याशा वह्यांत कविता लिहीत आणि त्या बुटात लपवून ठेवत. युक्रेनी भाषेत पुस्तके छापण्यावर बंदी घालणारा १८७६ चा एम्सचा हुकूमनामा या पार्श्वभूमीवर वाचला, की भाषेचा प्रश्न या युद्धाच्या मुळाशी का आहे हे नीट उमगते.

आमच्या घरी सोव्हिएत काळातील स्वस्त, देखण्या मराठी अनुवादांची एक फळी होती. युक्रेनमधील पोल्तावा परिसरात जन्मलेल्या लेखक गोगोलसह त्या साऱ्या मुलुखाला आम्ही सरसकट ‘रशियन’ म्हणत असू. ती सवय कुठून आली, हे मला या वाचनात कळले.

उत्तरार्ध मात्र दमवतो. रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन आणि युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष क्रावचुक व कुचमा यांच्यापासून यानुकोविच व झेलेन्स्की या पुढच्या युक्रेनी राष्ट्राध्यक्षांपर्यंत तीन दशकांचे राजकारण त्यात आहे. बातमीदाराची नजर इथे तीक्ष्ण आहे, पण उद्योगपती, सल्लागार आणि दरबारी माणसे इतक्या वेगाने येतात-जातात की पूर्वार्धातील खोली उरत नाही. मी शेवटी नावांची यादी करून ती पुस्तकात खुणेसारखी ठेवली, तेव्हा कुठे वाचन सुरळीत झाले. नवख्या वाचकाने ही यादी उत्तरार्धाच्या पहिल्या पानापासूनच करावी.