अँबेसेडरच्या जुन्या स्विचांची साफसफाई आणि ग्रीस: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी १९७६ ची मार्क ३, राहते बडोद्यात, दांडिया बाजारात, पत्र्याच्या शेडखाली. बहुतेक स्विच मूळचे. फेब्रुवारीत सगळे खोलून साफ केले, ग्रीस लावलं. आता दिवाळी होऊन गेली. मधे मे महिन्याचं ऊन आणि अख्खा पावसाळा गेला, त्यामुळे काय टिकलं आणि काय नाही हे आता खात्रीने सांगता येतं.

तक्रार नेहमीचीच होती: हेडलाइट पिवळट आणि दहा मिनिटांत स्विच बोटाला गरम. अशा वेळी लोक आधी बॅटरी बदलतात, मग डायनमो उघडतात. त्याआधी मल्टिमीटर घ्या, लाइट चालू ठेवा आणि स्विचच्या येणाऱ्या-जाणाऱ्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा. चांगल्या स्विचमध्ये ०.१ ते ०.२ व्होल्टच्या वर काही दिसायला नको. माझ्याकडे जवळपास १ व्होल्ट दिसत होता. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे साधारण १० अँपिअर, म्हणजे त्या इवल्याशा डबीत १० वॅटची उष्णता. आणि बल्बला १२ ऐवजी ११ व्होल्ट मिळाले की उजेड जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटतो. साफ केल्यावर तोच आकडा ०.१ च्या आत आला. नोव्हेंबरात परत मोजला, तिथेच आहे. माझ्या मते नव्या बल्बांवर पैसे घालण्याआधी हे काम करायला हवं.

खोलताना बॅटरीची अर्थची वायर आधी काढा. हे स्विच पत्र्याच्या दुमडलेल्या कानांवर बंद केलेले असतात. कान एकदाच आणि हळू उघडा, वारंवार वाकवले तर तुटतात. हे सगळं पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा, कारण आत स्प्रिंगवर बसलेली स्टीलची गोळी असते आणि ती उडाली की शेडमध्ये सापडत नाही.

आतलं जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालेलं होतं. ते ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि जुन्या टूथब्रशने निघतं. हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. कार्ब्युरेटर क्लीनरही नको, तो प्लास्टिक खातो. पितळी पत्तीवरचा हिरवा थर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून, थोडा वेळ मुरू देऊन पुसला. पॉइंटवर, म्हणजे जिथे दोन पत्त्या टेकून वीज पुढे जाते तिथे, चांदीचा मुलामा असेल तर मात्र पॉलिश पेपर अजिबात लावू नका. आपल्याकडे ‘कार्बन बसलाय’ म्हणत सर्रास घासतात, मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात खालचं पितळ उघडं पडतं. जाड कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून दोन पॉइंटच्या मधून चार-सहा वेळा ओढली की पुरतं.

खरा प्रश्न ग्रीसचा. तुलना व्हावी म्हणून दरवाजाच्या एका स्विचला पेट्रोलियम जेली लावली आणि दुसऱ्याला कॉन्टॅक्टसाठीचं सिंथेटिक ग्रीस. जेली शरीराच्या तापमानाच्या थोडं वर गेली की पातळ व्हायला लागते, आणि बडोद्याच्या मे महिन्यात बंद गाडीचा पत्रा त्याच्या बराच पुढे जातो. ती ओघळून खाली गेली. गणपतीच्या सुमारास त्या बाजूला परत हिरवट झाक आली होती. सिंथेटिकवाला स्विच आजही स्वच्छ आहे.

सिलिकॉन ग्रीसबद्दल मी ठाम आहे: ठिणगी पडते त्या पॉइंटजवळ ते नकोच. ठिणगीच्या उष्णतेने सिलिकॉनचा वाळूसारखा थर बनतो आणि तो वीज अडवतो. कनेक्टरच्या रबरी टोप्यांना लावा, तिथे ते उत्तम. गोळी आणि खिळीला साधं लिथियम ग्रीस, टाचणीच्या डोक्याएवढं. जास्त लावलं तर धूळ धरतं.

सगळ्यात त्रासाचा निघाला पायाने दाबायचा डिपर, म्हणजे हेडलाइटचा झोत वर-खाली करणारा स्विच. तो फरशीवर, चपलांच्या चिखलाखाली. जुलैत दोन-तीन जोरदार पावसांनंतर तो पुन्हा अडखळू लागला. काढून पाहिलं तर आतले पॉइंट ठीक होते, दांड्यात गाळ बसला होता. आता दांड्यावर रबरी टोपी बसवली आहे आणि दर पावसाळ्याआधी तो काढून पुसायचा असं ठरवलं आहे. डॅशवरच्या स्विचना मात्र हात लावावा लागलेला नाही. वायपरचा स्विच पहिल्यापेक्षा हलका चालतो, आणि इंडिकेटरची टकटक एकसारखी आली आहे.

ब्रेक लाइटचा स्विच तेलाच्या दाबावर चालणारा असेल तर त्यावर ही मेहनत करू नका. तो बंद डबीचा असतो, बिघडला की बदलायचा.

हेडलाइटला रिले बसवावा असं बरेच जण सुचवतात, म्हणजे लाइटचा मोठा करंट तोच चालू-बंद करतो आणि स्विचमधून फक्त त्याच्या कॉइलचा करंट जातो. मी पुढच्या महिन्यात बसवणार आहे, पण साफसफाई आधी करून घेतली हे बरंच झालं. रिलेच्या कॉइलला जेमतेम ०.१५ अँपिअर लागतो. १० अँपिअर तोडताना पडणारी ठिणगी पॉइंटवरचा पातळ थर जाळत असते, रिले आल्यावर ती उरत नाही. अशा वेळी पॉइंटवर थर असेल तर लाइट मंद होण्याऐवजी लागणारच नाही.