माटुंग्यातलं रेकॉर्ड धुऊन देणारं दुकान आणि आमच्याकडचे एम. एस. विश्वनाथन

पाटीवर अजून ‘रेडिओ, टेप, मिक्सर रिपेअरिंग’ असंच लिहिलेलं आहे, त्यामुळे शोधत गेलात तर चुकाल. माटुंगा पूर्वेला फुलवाल्यांच्या रांगेतून आत वळायचं, पहिला मजला. जिना लाकडी आणि अरुंद. गुडघे कुरकुरत असतील तर खालून हाक मारा, मुलगा येऊन पिशवी वर नेतो. मिक्सर आता कुणी आणत नाही म्हणे. जुन्या रेकॉर्डी धुवायच्या, नीट वाजवायच्या आणि त्यांची फाइल करून पेनड्राइव्हवर द्यायची, हे आताचं मुख्य काम.

आमच्याकडे रेकॉर्डींचा एक लोखंडी पेटारा आहे. मी दादरची, शाळेत संगीत शिकवत होते, आणि लग्न होऊन माटुंग्यातल्या पालघाटच्या तमिळ घरात आले. पेटारा सासऱ्यांचा. अप्पा एका कंपनीत स्टेनो होते आणि पगारातला ठरावीक भाग रेकॉर्डींवर जाई, यावरून अम्मा अजूनही त्यांना बोलतात, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी. पेटाऱ्यात त्यागराजांच्या कृती आहेत, सुब्बुलक्ष्मी आहेत, पण निम्म्याहून जास्त माल एकाच माणसाचा: तमिळ सिनेमाचे संगीतकार एम. एस. विश्वनाथन. अप्पांच्या भाषेत ‘आमच्या एलप्पुळ्ळीचा’. एलप्पुळ्ळी हे केरळातल्या पालघाटजवळचं गाव, तिथे २४ जून १९२८ ला विश्वनाथन जन्मले. कवी कण्णदासन यांचाही जन्मदिवस २४ जूनच, फक्त एक वर्ष आधीचा. या जोडीने पुढे तमिळ सिनेमाला जी गाणी दिली, ती पाहता अप्पा त्या तारखेला घरात पायसम करायला लावत, हे मला पटतं.

यंदाच्या पावसात पेटाऱ्याला ओल आली. कव्हरांवर पांढरी बुरशी, आणि दोन-तीन तबकड्यांवरही तिचे ठिपके. म्हणून दुकान गाठलं.

आधी चांगलं सांगते. मालकांनी (साठीचे असतील, मला ताई म्हणतात) पिशवीतल्या रेकॉर्डी काढताच त्यांचे दोन ढीग केले. विनाइलच्या एका बाजूला, लाखेच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ‘७८’ च्या दुसऱ्या. विचारलं तर म्हणाले, “ताई, लाखेला स्पिरिट लागलं की ती विरघळते. कुणी तुम्हाला सगळ्या एकाच पाण्यात बुडवताना दिसला, तर पिशवी उचला आणि घरी जा.” विनाइल डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं स्पिरिट घालून, मऊ ब्रशने, गोलाकार. लाखेच्या नुसत्या पाण्याने, आणि लेबलावर थेंब पडू न देता. सुयाही वेगळ्या. ७८ ची खाच रुंद असते, तिच्यात एलपीची (मोठ्या विनाइल रेकॉर्डीची) बारीक सुई घातली तर ती तळाशी घसरत, कचरा गोळा करत जाते. हे सगळं ते न विचारता दाखवतात, आणि दाखवताना कंटाळत नाहीत.

तबकडी ठरल्या वेगाने फिरते का, हे बघायला ते तिच्यावर रेघारेघांचा कागद ठेवतात आणि त्याच्यासाठी एक जुनी, चोकवाली ट्यूबलाइट राखून ठेवली आहे. पन्नास हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला शंभरदा मिणमिणते. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. नव्या एलईडीखाली बहुतेक वेळा हा खेळ जमत नाही. मी घरी फाइल लावून पेटीच्या सुराशी ताडून पाहिली, सूर नेमका बसला. एका ईपीचं (छोट्या विनाइल रेकॉर्डीचं) भोक मात्र मुळातच मधोमध नाही, तिथे सूर लांबवर हेलकावे खातो. त्यांनी ते आधीच कागदावर लिहून दिलं होतं.

आता तक्रार, कारण तीच सांगायला बसले आहे.

पहिल्या खेपेच्या फाइली ऐकल्या तेव्हा आवाज अगदी स्वच्छ होता. इतका स्वच्छ की मला काहीतरी हरवल्यासारखं वाटायला लागलं. ‘सर्व्हर सुंदरम’ (१९६४) मधलं ‘अवळुक्केन्न’ हे गाणं घ्या. हिंदीवाल्यांसाठी: याच सिनेमावरून पुढे मेहमूदचा ‘मैं सुंदर हूँ’ आला. या गाण्याची गंमत म्हणजे ते पडद्यावर गाण्याच्या रेकॉर्डिंगचंच दृश्य आहे. विश्वनाथन स्वतः वाद्यवृंदापुढे उभे आहेत, टी. एम. सौंदरराजन आणि एल. आर. ईश्वरी माइकसमोर गातायत. ताल लॅटिन धाटणीचा, बोंगो पुढे, त्याच्या मागे ब्रास. नवरा हे गाणं लागलं की आजही टेबलावर बोटं वाजवतो. दुकानाच्या फाइलीत बोंगो होते, पण चामड्याला हात लागल्यासारखे नव्हते. उशीवर वाजवल्यासारखे.

संगणकावर बसणाऱ्या मुलाला (मला काकू म्हणतो, हुशार आहे) विचारलं तेव्हा उलगडा झाला. ओरखड्याचे खटके काढणारं जे सॉफ्टवेअर असतं, ते ओरखडा कसा ओळखतं? क्षणात उसळून क्षणात विरणारा आवाज, तो ओरखडा. बोंगोवरचा बोटाचा फटका नेमका तसाच असतो. कॅस्टानेटच्या लाकडी टाळ्याही तशाच. यंत्राने बिचाऱ्या तालवाल्याला धूळ समजून झाडून टाकलं होतं. त्यावर खरखर काढायचा दुसरा फिल्टर लावला की वरच्या पट्टीतलं सगळंच बोथट होतं, अकॉर्डियनच्या भात्याचा श्वास, गायिका पी. सुशीलांच्या ‘स’ ची धार, सगळंच.

एखाद्या भावगीताच्या रेकॉर्डीला हे कदाचित चाललं असतं. गाणारा आणि तबला राहिला की गाणं राहिलं. विश्वनाथन यांच्या बाबतीत चालत नाही. त्यांच्या गाण्यात दोन कडव्यांमधली जागा भरायची म्हणून भरलेली नसते. तिथे व्हायोलिनचा जथा काहीतरी बोलतो, बासरी त्याला उत्तर देते, कुठे नुसती शीळ, कुठे हमिंग. ‘पाव मन्निप्पु’ (१९६१) मध्ये शिवाजी गणेशन सायकलवरून जाताना गातो, त्या गाण्याची शीळ काढून टाका, म्हणजे सायकल उरेल आणि वारा जाईल. चाल साधी ठेवायची, शब्द सामान्य माणसाला पहिल्याच ऐकण्यात कळले पाहिजेत, आणि सगळी श्रीमंती आजूबाजूला पेरायची, ही त्यांची रीत मला पेटीवाली म्हणून फार आवडते. शाळेतल्या मुलांना त्यांच्या चाली मी चटकन शिकवू शकले असते. मधले तुकडे मात्र मला आजही एकटीने पेटीवर काढता येत नाहीत.

हा माणूस शिकला कुठे, तर जिथे जागा मिळेल तिथे. वडील लहानपणीच गेले, आजोबांनी कण्णूरला वाढवलं. नीलकंठ भागवतर यांच्याकडे शास्त्रीय गाण्याचे धडे घेतले आणि सिनेमाच्या थिएटरात खाण्याचे पदार्थही विकले. मग स्टुडिओत हरकाम्या पोऱ्या. तिथून संगीतकार सी. आर. सुब्बुरामन यांच्या वाद्यवृंदात पेटीवर. त्याच वृंदात टी. के. राममूर्ती व्हायोलिन वाजवत. सुब्बुरामन १९५२ साली अकाली गेले, त्यांची अर्धवट राहिलेली कामं या दोघांनी पुरी केली, आणि त्याच वर्षी ‘पणम’ या सिनेमापासून विश्वनाथन–राममूर्ती ही जोडी सुरू झाली. १९६३ मध्ये मद्रासला त्यांना ‘मेल्लिसै मन्नर’ हा किताब मिळाला, सुगम संगीताचे राजे. १९६५ मध्ये जोडी फुटली. अप्पांचं म्हणणं होतं की फुटल्यावरही विश्वनाथन कमी पडले नाहीत, फक्त व्हायोलिनं जरा कमी रडू लागली. हे खरं की अप्पांचा शेरा, ते ऐकणाऱ्याने ठरवावं. माझं मत अप्पांच्या बाजूने झुकतं.

परत दुकानाकडे. मी म्हटलं, काही न काढलेली कच्ची फाइल द्या. मालक थोडे नाराज झाले, कारण गिऱ्हाइकं खरखरीवरून भांडतात आणि हे सगळं फिल्टरचं कौतुक त्यांनी गिऱ्हाइकांसाठीच शिकून घेतलंय. पण दिली, जादा पैसे न घेता. मग मुलाने आणखी चांगलं केलं: मोठे खटके तेवढे हाताने, एकेक करून काढले आणि बाकी रेकॉर्ड जशी आहे तशी सोडली. या तिसऱ्या फाइलीत चर्रचर्र आहे, आणि बोंगो जिवंत आहेत.

‘कर्णन’ (१९६४) ची रेकॉर्ड याच पद्धतीने करून घेतली आणि पैसे वसूल झाले. मराठी वाचकाला विश्वनाथन–राममूर्ती ऐकायचे असतील तर मी इथून सुरुवात करायला सांगेन. महाभारताची गोष्ट उत्तर भारतातली म्हणून त्यांनी हिंदुस्थानी रंग मुद्दाम आणला, सारंगी आली, शहनाई आली. मरणाच्या दारातल्या कर्णाजवळ कृष्ण जे गाणं म्हणतो, ‘उळ्ळत्तिल् नल्ल उळ्ळम्’, ते सीरकाळी गोविंदराजन यांच्या आवाजात आहे आणि राग चक्रवाकम्, म्हणजे आपल्या अहीर भैरवाचा सख्खा शेजारी. भाषा एक अक्षर कळली नाही तरी चालेल. २०१२ मध्ये हा सिनेमा नवी प्रत करून पुन्हा लावला तेव्हा तिकडे थिएटरं भरली होती.

‘कादलिक्क नेरमिल्लै’ (१९६४) ची ईपी सगळ्यात घासलेली निघाली, म्हणजे घरात तीच सगळ्यात जास्त वाजली. हिंदीतला ‘प्यार किये जा’ याच्यावरून. त्यात बेकार झालेला नायक मालकाच्या घरासमोर नोकरी मागत गातो आणि मालकाचं नावही विश्वनाथन. संगीतकाराच्याच नावाने बोंब मारायची ही सोय बघून अम्मा आजही हसतात. घासलेल्या खाचेतून काढता येईल तेवढं त्यांनी काढलं. चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

आणि वाणी जयराम. आपल्याला त्या कुमार गंधर्वांबरोबरच्या ‘ऋणानुबंधाच्या’ मुळे घरच्या, वसंत देसाईंनी मुंबईत पुढे आणलेल्या. तिकडे त्यांचं नाव घराघरांत नेणारं गाणं विश्वनाथन यांचं, ‘दीर्घ सुमंगली’ (१९७४) मधलं मोगऱ्याचं, ‘मल्लिगै’. पुढच्याच वर्षी ‘अपूर्व रागंगळ’ साठी, पुन्हा विश्वनाथन यांच्याच चालीवर, राष्ट्रीय पुरस्कार. दुकानात ‘मल्लिगै’ लावलं तेव्हा मालकही काम थांबवून ऐकत होते. ते मूळचे साताऱ्याचे. शब्द कळत नाहीत म्हणाले, पण मींड कुणाची आहे ते बरोबर ओळखलं.

विश्वनाथन यांना पद्म पुरस्कार काही मिळाला नाही. अप्पा असते तर यावर एक अख्खा परिच्छेद बोलले असते. तमिळनाडूत मात्र सरकारी कार्यक्रम तमिळ मातेच्या ज्या वंदनगीताने, ‘तमिळ ताय वाळ्त्तु’ ने, सुरू होतो, ती चाल त्यांची आहे, मोहनम् म्हणजे भूप रागात. म्हातारपणी ए. आर. रहमान यांच्याकडे गाणी म्हटली, ‘कादल मन्नन’ मध्ये भूमिका केली. १४ जुलै २०१५ ला चेन्नईत गेले.

दुकानाच्या बाकीच्या गोष्टी पटकन. दर: ईपी दोनशे रुपये, एलपी चारशे, लाखेची दोन्ही बाजू मिळून तीनशे. महाग वाटलं तरी हाताचं काम आहे, मला पटलं. सांगितलेल्या तारखेला काम होत नाही, आठवडाभर पुढे धरा. फाइलींना नावं ‘तमिळ १’, ‘तमिळ २’ अशी देतात, म्हणून यादी आपणच मराठीत किंवा इंग्रजीत लिहून न्या. दुसऱ्याच्या रेकॉर्डीची कॉपी मागितली तर देत नाहीत, आणि हे मला सगळ्यात भरवशाचं वाटलं. कव्हरं सांभाळण्यात मात्र हयगय आहे. आमची दोन अदलाबदल होऊन आली, ‘कर्णन’ च्या कव्हरात कुणाचं तरी तुकाराम अभंग निघालं. ते परत केलं, आमचं मिळालं, पण अम्मांचा अर्धा दिवस काळजीत गेला.

पाचपैकी चार. देताना पावतीवर ‘आधी कच्ची फाइल, खटके हाताने’ असं लिहून घ्या, एरवी ते सवयीने फिल्टर लावतात. सोमवारी बंद, दुपारी दोन ते चार जेवणाची सुट्टी. पावसाळ्यात रेकॉर्डी न्यायच्या असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून नेऊ नका, आत वाफ धरते. सुती कापडात, उभ्या.